हे मशीन बंद करू नये

थेरगावच्या त्या चाळवजा बिल्डिंगीत मिनल ओव्हाळला सगळे 'कंपनीतली मिनल' म्हणून ओळखायचे. गंमत अशी की कंपनी मात्र तिला ओळखत नव्हती. चाकणच्या त्या कारखान्यात दुचाकीला लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट बनायचे आणि मिनल तिथे डिस्पॅचला बसायची. माल मोजून घेणं, पेट्यांवर लेबलं चिकटवणं, गाडीची चलनं काढणं, सगळं तिच्या हातून जायचं. पण कंपनीच्या हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं. ती ठेकेदाराची माणूस होती.

ठेकेदाराच्या माणसाला या पट्ट्यात एक सुट्टी हमखास मिळते, तिला 'ब्रेक' म्हणतात. सात-साडेसात महिने भरत आले की मुकादम येतो आणि म्हणतो, "उद्यापासून ब्रेक." मग गेटपास जमा करायचा, काही दिवस घरी बसायचं, आणि नंतर नवा गेटपास, नवा नंबर घेऊन आपण आजच जन्मलो असं समजून त्याच खुर्चीवर परत बसायचं. असं केलं की माणूस सलग कामावर होता असं कागदोपत्री कोणालाच म्हणता येत नाही, आणि त्याला कायम करायचा प्रश्नच उरत नाही. कामगाराच्या भल्यासाठी कायदा करणाऱ्यांपेक्षा त्यात पळवाट शोधणारे नेहमीच हुशार निघतात. हे चाकणमध्ये चहावाल्यालाही ठाऊक आहे. इतकं ठाऊक आहे की त्याचा रागसुद्धा लोकांनी सोडून दिलाय.

मिनलने सोडला नव्हता. त्याला कारण घरातच बसलेलं होतं. तिचे वडील धोंडीबा, म्हणजे आबा, आकुर्डीच्या दुचाकीच्या मोठ्या कारखान्यात कायम कामगार होते. रिटायर होऊन जमाना झाला, तरी रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून विहारात पेपर वाचायला जायचे आणि जाताना दार ओढून घेता घेता विचारायचे, "झालीस का गं कायम?" लोक जेवलीस का विचारतात तसं. पोरीची चेष्टा करायची म्हणून नव्हे. त्यांना खरंच वाटायचं की चांगलं काम केलं की माणूस कायम होतो, आणि होत नाही त्या अर्थी पोरगी कुठेतरी कमी पडत असणार. मिनलला या प्रश्नाचा इतका वीट आला होता की ती आंघोळीची वेळ बदलून बघायची. आबा दारात थांबून राहायचे.

कंपनीत लिनक्स आलं ते काही कोणाला ज्ञानाची तहान लागली म्हणून नव्हे. डिस्पॅचच्या कॉम्प्युटरमध्ये झाडून सगळं चोरीचं सॉफ्टवेअर होतं, आणि शेजारच्या गाळ्यात एकाला त्यावरून वकिलाची नोटीस आली. शेठ घाबरले. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की लिनक्स नावाची एक सिस्टीम आहे, तिचं आतलं सगळं उघडं असतं आणि ती फुकट मिळते. 'फुकट' एवढा एक शब्द शेठना पुरला. तेव्हाच्या मॅनेजरने मिनलच्या टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला आणि म्हणाला, "तू कॉम्प्युटरचं काहीतरी शिकलीयस ना? टाक हे."

शिकली होती ती बीसीएची दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी आईचं दुखणं निघालं, आई गेली आणि कॉलेज राहिलं ते राहिलंच. पण नाही म्हणायची सोय ठेकेदाराच्या माणसाला नसते.

पहिल्यांदा पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं तर पडदा काळा. पुन्हा केलं, पुन्हा काळा. मोबाइलवर शोध शोध शोधलं तेव्हा कळलं की आतलं डिस्प्लेचं कार्ड जुनं आहे आणि सुरू होताना एक खास शब्द टाइप करावा लागतो. तो टाकला, पडदा उजळला, तर नेटवर्कचं कार्ड ओळखेना. इंटरनेटवर अशा कामाच्या लोकांचे अड्डे असतात, तिथे तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. एका शहाण्याने उत्तर दिलं की आधी मॅन्युअल वाचून ये. दुसऱ्या कोणीतरी, कुठल्या देशातला देव जाणे, शांतपणे एकेक पायरी लिहून दिली. मिनलने त्याला तीनदा धन्यवाद म्हटलं.

या सगळ्या खटाटोपात तिच्याजवळ एकच माणूस उभा होता, नवनाथ. नवनाथ हाऊसकीपिंगला होता, म्हणजे झाडू, पोछा, चहा आणि जो कोणी जे सांगेल ते. बीडमधल्या केजकडचा, पन्नाशीला टेकलेला, मिशा पांढऱ्या. बायकोपोरं गावाकडे, आणि हा इथे कुरुळीला चौघांत मिळून एका खोलीत. मिनल टेबलाखाली शिरून मागच्या वायरी जोडायची तेव्हा तो मोबाइलचा उजेड धरून बसायचा. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं आणि तसं तो कबूलही करायचा. पण काम अर्धवट टाकून माणूस एकटा पडू नये असं त्याचं साधं मत होतं.

त्या कॉम्प्युटरला दोन तोंडं होती असं समजा. एक तोंड शॉपकडे, म्हणजे माल बनतो त्या शेडकडे, जिथे लेबल छापणारे प्रिंटर आणि वजनकाटा होते. दुसरं तोंड बाहेर इंटरनेटकडे, जिथून गिऱ्हाईक कंपनीची ऑर्डर यायची. दोन्ही तोंडांना आपापला पत्ता द्यायचा आणि इकडचं बोलणं तिकडे पोचवायचं, एवढंच काम. एवढ्याशा कामाने मिनलला रडकुंडीला आणलं. पत्ता इकडचा तिकडे पडायचा, प्रिंटर मुका बसायचा. शेवटी एका दुपारी तिने पडद्यावर उघडणाऱ्या काळ्या खिडकीत ओळीमागून ओळ आज्ञा टाइप केल्या, एंटर मारलं, आणि शॉपच्या टोकाला प्रिंटरने कुर्र करून लेबल बाहेर काढलं.

"ताई, बोललं की वो!" नवनाथ ओरडला. मग पळत जाऊन ते लेबल घेऊन आला आणि तिच्या हातात दिलं. मिनलला त्या दिवशी जे वाटलं ते तिला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. आपण काहीतरी आहोत, असं वाटलं.

मॅनेजर म्हणाला, "गुड." पुढच्याच आठवड्यात मुकादम आला आणि म्हणाला, "मॅडम, ब्रेक."

ती घरी बसली. तिसऱ्या का चौथ्या दिवशी चाकणला लाइट गेली, जनरेटर वेळेवर लागला नाही, कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा चालू केला तर सगळे प्रिंटर मुके. मिनलच्या बिल्डिंगखाली कंपनीची गाडी येऊन उभी राहिली. शेजारपाजारच्या बायका गॅलरीत आल्या. आबांनी तर चप्पल घालून खाली जाऊन ड्रायव्हरला पाणी दिलं. ज्या बाईला कंपनीची बस चुकली तर सिक्स सीटर रिक्षाला लटकून जावं लागायचं, तिला आज मागच्या सीटवर एकटीला बसवून नेलं.

तिथे गेल्यावर तिला आपली चूक समजली. काळ्या खिडकीत टाइप केलेल्या आज्ञा मशीन चालू आहे तोवरच टिकतात. मशीन बंद झालं की ते सगळं विसरतं, कोरी पाटी. टिकवायचं असेल तर त्याच ओळी एका ठरावीक फाइलीत लिहून ठेवाव्या लागतात, मग मशीन उठल्या उठल्या आपणहून त्या वाचतं. काम चार ओळींचं. तिने आज्ञा पुन्हा टाइप केल्या, प्रिंटर चालू झाले, आणि मग ती फाइल उघडून कर्सरकडे बघत बसली.

मॅनेजर मागून म्हणाला, "बरं झालं बाई तू आलीस. उरलेला ब्रेक राहू दे, उद्यापासूनच ये."

मिनलने फाइल तशीच मिटली. एक अक्षर लिहिलं नाही.

हे पाप होतं का? ज्यांना दर सात महिन्यांनी पुसून टाकलं जात नाही त्यांनी याचं उत्तर देऊ नये. मिनलला एवढंच कळलं की ज्या दिवशी हे मशीन स्वतःच्या पायावर उभं राहील त्या दिवशी तिच्या दारात गाडी येणार नाही. आपली किंमत त्या न लिहिलेल्या ओळींत आहे, हे ध्यानात आल्यावर ओळी लिहायला हात कसा धजावेल? मात्र मशीन सारखं बंद पडलं तर संशय येईल, म्हणून तिने नवा यूपीएस मागून घेतला, आणि प्रिंटरवरच मोठ्या अक्षरांत एक लेबल छापून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर चिकटवलं: हे मशीन बंद करू नये.

मॅनेजरने त्या पाटीचं कौतुक केलं. असा जबाबदार स्टाफ पाहिजे, म्हणाला. जबाबदार स्टाफला त्यानंतरही ब्रेक मिळत राहिले, फक्त आता ते अर्ध्यात मोडायचे. मध्ये एकदा यूपीएसची बॅटरी गेली, एकदा कोणीतरी वायरीत पाय अडकवला, आणि गाडी थेरगावला आली. दर वेळी मिनल कायम करण्याचा विषय काढायची आणि दर वेळी मॅनेजर म्हणायचा, "बघू, शेठशी बोलतो." अशी वर्षं गेली. मॅनेजरही गेला. त्याच्या जागी गणराज पासलकर आले.

पासलकर काही वाईट माणूस नव्हते. वक्तशीर, हसतमुख, शॉपमध्ये तेलाचा डाग दिसला तर स्वतः बोट लावून बघणारे. त्यांना सगळं स्वच्छ, सगळं रांगेत लागायचं, आणि सण दणक्यात करायची हौस होती. त्या वर्षी मुकादमाने मिनलला ब्रेक दिला तो नेमका दसऱ्याच्या आधी. दिवाळीच्या तोंडावर माणूस बाहेर असला की बोनसचा प्रश्न मिटतो.

खंडेनवमीला कारखान्यात शस्त्रपूजा असते. आता कारखान्यात शस्त्रं कसली, तर प्रेस, ड्रिल, पाने, फोर्कलिफ्ट. सगळं धुऊनपुसून हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. मिनलच्या घरात हे नव्हतं. त्यांचा दसरा म्हणजे धम्मचक्र दिन, पांढरे कपडे घालून देहूरोडच्या विहारात जायचं. पण पूजेच्या दिवशी कामावर असली तर ती तिकडे तोंड फिरवून बसायची नाही. प्रसादाचे पेढे खायची आणि आपल्या मशीनकडे लक्ष ठेवायची.

त्या वर्षी लक्ष ठेवायला ती नव्हती. पासलकरांनी सकाळी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "सगळी मशिन्स बंद करा, चकाचक पुसा, मग पूजा." नवनाथने प्रेस पुसले, ड्रिल पुसली, आणि शेवटी डिस्पॅचला आला. सगळा शॉप गपगार झाला होता, फक्त तो एक कॉम्प्युटर घूं घूं करत होता. नवनाथला ती पाटी माहीत होती. रोज तिच्यावरून फडकं फिरवायचा. पण गावाकडे या दिवशी औताला, कुऱ्हाडीला, विळ्याला सगळ्याला इसावा असतो. वर्षभर दिवसरात्र राबणाऱ्या या बिचाऱ्याला एक दिवस मिळू नये? आणि साहेब तर म्हणाले होते सगळी. त्याने बटण दाबून धरलं. घूं घूं थांबली. मग कॅबिनेट पुसलं. पाटीचा एक कोपरा सुटला होता तो नवी टेप लावून नीट बसवला, आणि पाटीवरही कुंकवाचं एक बोट लावलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिनल पांढरी साडी पिळत होती तेव्हा फोन वाजला. "मिनल मॅडम," पासलकर म्हणाले. त्यांनी याआधी तिला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. "मॅडम, एकही लेबल निघत नाहीये. तीन गाड्या उभ्या आहेत. कस्टमरची लाइन थांबायला आलीये. मी गाडी पाठवलीये."

आबा आतून म्हणाले, "आज सोडू नको पोरी. अडला हरी हाय त्यो. कायमचं कबूल करून घे, मंग हात लाव."

गाडीत बसल्यावर तिने तेच ठरवलं.

गेटवर तिचा गेटपास नव्हता, म्हणून सिक्युरिटीने तिला व्हिजिटर म्हणून आत सोडलं. गळ्यात व्हिजिटरचं कार्ड अडकवून ती आपल्या खुर्चीवर बसली. कॅबिनेटवर झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि पाटीचा कोपरा नव्या टेपने चिकटवलेला. तिने पडद्याकडे बघायच्या आधीच ओळखलं. पडद्यावर दोन्ही तोंडं पत्त्याविना बसली होती. चहा गार व्हायच्या आत होणारं काम.

मिनलने ते लगेच केलं नाही. तिने एक काळी खिडकी उघडली, मग दुसरी, मग अशा काही आज्ञा दिल्या की पडद्यावर अक्षरं धबाधबा वाहू लागली. मागे पासलकर फोनवर गिऱ्हाइकाची मनधरणी करत होते. त्यांनी विचारलं, "किती वेळ?" मिनल म्हणाली, "बघावं लागेल सर. खोलवर गेलंय."

तेवढ्यात शेठ आले. शेठ शॉपवर उतरले म्हणजे पाणी डोक्यावरून गेलंय. ते मिनलच्या मागे उभे राहिले, वाहणारी अक्षरं बघितली आणि म्हणाले, "दर वेळेला हिला घरून का आणावं लागतं?"

"सर, त्या कॉन्ट्रॅक्टवर आहेत. ब्रेक चालू आहे," पासलकर म्हणाले.

मिनलने खुर्ची वळवली. "शेठ, मी इथे कायम असते तर मशीन बंद करू दिलं नसतं. मी नसले की हे असं होतं. मी कितीदा सांगितलंय."

शेठनी पासलकरांकडे बघितलं. "हिला कंपनीच्या रोलवर घ्या. आजच्या तारखेने. अन् पोरी, तू हे चालू कर आधी."

झालं. जे इतकी वर्षं मागून मिळालं नव्हतं, ज्यासाठी आबा रोज दारात थांबायचे, ते भाजीत मीठ टाकायला सांगावं तसं शेठनी सांगून टाकलं. मिनलच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं होतं आणि संतापाचंही होतं. तिने वळून आज्ञा टाइप केल्या आणि शॉपच्या टोकाला प्रिंटर कुरकुरला. पोरं धावली, पेट्या हलल्या, पहिली गाडी सुटली.

तिथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण गिऱ्हाइकाला कारण द्यायचं होतं, आणि मोठ्या कंपन्यांना कारण म्हणून माणूस लागतो. शेठ म्हणाले, "हे झालं कशाने?"

"मशीन कोणीतरी बंद केलं सर. एवढी पाटी लावलेली असताना," पासलकर म्हणाले आणि त्यांनी आवाज चढवला. "पूजेला इथलं कोणी पुसलं?"

नवनाथ बादली खाली ठेवून पुढे आला. "म्या पुसलं साहेब. तुमीच म्हनला, सगळी मशिनं बंद करून पुसा."

"मी प्रेसबद्दल बोललो होतो. पाटी वाचता येत नाही?"

"येती साहेब."

"मग?"

इसाव्याची गोष्ट शेठसमोर सांगण्यासारखी नव्हती. शेठ मिनलकडे वळले. "बंद केल्यानेच झालं ना हे?"

मिनलच्या हातात कॅबिनेटवरची माळ होती, काय करावं न कळून तिने ती काढून घेतली होती. बंद केल्याने कुठलंच धड मशीन बिघडत नाही, हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? रोज जगभरात लाखो मशिनं बंद होतात आणि उठतात. याने ओळी पुसल्या नाहीत शेठ, मी त्या लिहिल्याच नव्हत्या. एवढं म्हटलं की नवनाथ सुटला असता आणि आत्ताच कानावर पडलेला शब्द शेठनी तिथल्या तिथे मागे घेतला असता. कदाचित ठेकेदाराकडूनही तिला काढलं असतं.

"हो," ती म्हणाली.

नवनाथने तिच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. ताई म्हणतात म्हणजे तसंच असणार. या मशीनमधलं त्या सोडून कोणाला कळतं?

ठेकेदाराला फोन गेला, उद्यापासून या माणसाला गेटवर घेऊ नका. पासलकर तर पोलिसात देण्याची भाषा करत होते, पण ती बोलायचीच असते. नवनाथने बादली, फडकं जागच्या जागी ठेवलं, चहाचे कप विसळले आणि गेला. जाताना तो मिनलला हात जोडून गेला. मिनल पडद्याकडे बघत राहिली, कारण पडद्याकडे बघणं हे तिचं काम होतं.

सगळे पांगल्यावर तिने ती फाइल उघडली आणि चार ओळी लिहिल्या. मग मशीन स्वतःच्या हाताने बंद केलं, चालू केलं. ते उठलं, दोन्ही तोंडांनी आपापले पत्ते घेतले, प्रिंटर तयार. कोणाला बोलवावं लागलं नाही. हे काही वर्षांपूर्वी केलं असतं तर नवनाथ आज कुरुळीला खोलीवर सामान बांधत नसता. तिला स्वतःची किळस आली. तरी एकदा लिहिलेल्या ओळी तिने पुसल्या नाहीत, आणि शेठच्या केबिनमध्ये जाऊन काही सांगितलंही नाही.

फोनवर कळताच घरी आबांनी पेढे आणून ठेवले होते, अर्धी बिल्डिंग वाटून झाली होती. मिनलच्या हातावर पेढा ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "जागा निघाली व्हती का? कुनाला बाजूला काढून तर न्हाई ना घेतलं? आमच्या युनियनच्या टायमाला आमी तसली जागा घेत नव्हतो."

"नाही आबा," मिनल म्हणाली आणि पेढा तोंडात टाकला.

कायम झालं की बँका दारात येतात. पगाराच्या स्लिपा दाखवून मिनलने डांगे चौकाच्या मागे एका सोसायटीत छोटा फ्लॅट घेतला. राहायला गेल्यापासून एक कटकट सुरू झाली. सकाळी पाण्याची मोटर चालू व्हायची ती बंदच व्हायची नाही. टाकी भरून वाहायची, गच्चीवरून पाण्याची धार थेट पार्किंगमध्ये. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज शिमगा. नवा वॉचमन मोटर चालू करतो पण बंद करत नाही, दार वाजवून वाजवून लोकांना उठवतो, वेडा आहे का, आधीचाच बरा होता. एक दिवस मिनलच्याच गाडीवर धार पडली आणि ती तणतणत खाली गेली.

मोटरच्या पेटीजवळ नवनाथ उभा होता. निळा युनिफॉर्म, तो त्याला मोठा होत होता. मिशा आणखी पांढऱ्या.

"ताई!" त्याचं तोंड फुललं. "तुमी हितं ऱ्हाता? माझं नशीब की वो." त्याने कपाळाला हात लावून सलाम केला, मग आवाज खाली आणून विचारलं, "ते मशीन बरं हाय का आता?"

"बरं आहे."

"खंडेनवमीला काय करतेत त्याचं?"

"बंद करतात. पूजा करतात." मिनलने वरून पडणाऱ्या धारेकडे बघितलं. "मग परत चालू होतं."

"तुमी नीट केलं म्हनून," नवनाथ समाधानाने म्हणाला. वरून धार पडतच होती. त्याने संकोचून पेटीकडे बोट दाखवलं. "ताई, तेवढं बटन बंद करता का? चालू म्या करतो, चालू करायला काय न्हाई. बंद करायला माझा हात नको. एकडाव केलं तर सगळी कंपनी थांबली. हितं येवढे लोकं ऱ्हातेत, लेकराबाळाचं पानी. लोकं शिव्या घालतेत, घालू द्या."

मिनलला वाटलं होतं, एक नोकरी गेली, दुसरी मिळाली असेल. या माणसाने तिचा 'हो' जपून ठेवला असेल आणि रोज सकाळी तो डोक्यावर घेऊन उभा राहत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आणि मग ती बोलली. पार्किंगमध्ये, ओल्या फरशीवर उभं राहून, सगळं. "नवनाथभाऊ, तुमच्यामुळे काही बिघडलं नव्हतं. बंद केल्याने काही होत नाही. मी मुद्दाम त्यात लिहून ठेवलं नव्हतं, म्हणजे मला बोलवावं लागेल म्हणून. चूक माझी होती. मी त्या दिवशी खोटं बोलले. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली."

नवनाथने सगळं नीट ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग तो हसला. वडीलधारा माणूस लेकीबाळीला हसतो तसा.

"ऱ्हाऊ द्या ताई. माझं मन राखायला येवढं कशापायी सोताकडं घेता? म्या दाबलं की बटन, माझ्या हातानं दाबलं. पाटी वाचून दाबलं. साहेब तर पोलिसात देत व्हते. तुमी शेठच्या म्होरं एकच शबुद बोलल्या, जास्ती बोलल्या न्हाई, म्हनून निभावलं माझं. म्या गावाकडं सांगितलंय बायकोला, ताई देवमानूस हाय."

"खरं सांगतेय मी," मिनल म्हणाली.

"व्हय, व्हय," नवनाथ म्हणाला आणि पेटीचं झाकण तिच्यासाठी उघडून धरलं.

मिनलने हात पुढे केला आणि बटण दाबलं. मोटर थांबली, वरची धार बारीक होत होत तुटली.

"बगा," नवनाथ म्हणाला, "तुमच्या हातानं काईच बिघडत न्हाई."